चालता येतं, तरी व्हीलचेअर घ्यावी का?

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न असा: बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, चालते-फिरते. भाच्याच्या वाढदिवसाला खोपोलीला इमॅजिकात जायचंय. व्हीलचेअर घ्यावी का? बहीण म्हणते, "मी धडधाकट दिसते, लोक नाटक म्हणतील."

घ्या. मलाही एमएस आहे, बारा वर्षं झाली, आणि हाच हट्ट करून मी एकदा तोंडघशी पडलेय, अगदी खरोखरची. मे महिना, एका पार्कातली रांग. दोन वाजेपर्यंत ठणठणीत होते. मग पाय शिशाचे झाले, डोळ्यांपुढे धुकं आलं आणि नवऱ्याने उचलून सावलीत नेलं. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण खराब झालेलं असतं. अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी संदेश अडखळतात. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे नोंदवलं, त्याच्याच नावाने ते ओळखतात. अंग थंड झालं की उतरतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा, मानेवर ओला नॅपकीन ठेवा आणि दमल्यावर नाही, गेटपासूनच खुर्चीत बसा. वाचलेले पाय राईडच्या जिन्याला लागतात.

उठून उभी राहिली की लोक बघणारच. मला एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, चालतेस की!" म्हटलं, "हो काकू, त्यासाठीच बसले होते."

रांग चुकेल ही आशा मात्र ठेवू नका. अमेरिकेतल्या डिस्नेने २०२४ मध्ये रांगेबाहेर थांबायची सवलत मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींपुरती ठेवली. फक्त चालण्याचा त्रास असेल तर खुर्ची घेऊन रांगेतच या म्हणतात. आपल्याकडे आदल्या दिवशी फोन करून विचारा: खुर्ची मिळते का, डिपॉझिट किती, कुठल्या राईडला जिने आहेत. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत एमएसचं नाव स्पष्ट आहे. तपासणीत अपंगत्व ४० टक्क्यांखाली आलं तरी पांढऱ्या पट्टीचं कार्ड मिळतं. सरकारी सवलती बहुतेक ४० पासून पुढे, पण गेटवर वाद घालण्यापेक्षा कार्ड दाखवणं सोपं.

राईडवरचा माणूस विचारेल, "स्वतः चढता-उतरता येतं का?" खरं सांगायचं. राईड मध्येच बंद पडली तर जिन्याने उतरावं लागतं, म्हणून विचारतात; त्यात अपमान नाही. मानेला हिसके बसणाऱ्या राईडचं न्यूरोलॉजिस्टला विचारून ठेवा.

स्वतःची खुर्ची न्यायची तर सर्जिकलच्या दुकानात भाड्याने मिळते. साधी स्टीलची १७-१८ किलो भरते. गाडी सीएनजीची असेल तर डिकीत सिलिंडर, खुर्ची मागच्या सीटवर. म्हणजे माणसं एक कमी. (आमच्याकडे दरवेळी सासूबाई स्वखुशीने घरी थांबतात.) आदल्या दिवशी सोसायटीत फिरवून बघा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढची छोटी चाकं अडकली की बसलेला माणूस पुढे फेकला जातो; तिथे खुर्ची मागे कलवून काढायची. उतारावर ती उलटी फिरवायची, ढकलणारा खालच्या बाजूला.

भाच्याला आईची खुर्ची ढकलायची हौस येईल. सपाटीवर द्या, उतारावर नको. माझ्या मुलाने तिथे शर्यत लावली होती.