सिरीयल आणि पिक्चरमधला सम्राट अशोक खऱ्या अशोकाच्या कितपत जवळ जातो?

फार नाही. २०१५ ला कलर्सवर 'चक्रवर्तिन अशोक सम्राट' लागायची तेव्हा आमच्याकडे यावरून रोज वाद व्हायचा, आई ताट घेऊन टीव्हीसमोर आणि मी मागून 'अगं असं काही नव्हतं' करत पिरपिर, शेवटी एकदा तिने 'तुला नसेल बघायचं तर गॅलरीत जाऊन जेव' म्हणून सुनावलं.

त्यात छोट्या अशोकाला चाणक्य घडवतो असं दाखवलंय. चाणक्य हा आजोबांच्या, म्हणजे चंद्रगुप्ताच्या काळातला माणूस, आणि अशोकाच्या लहानपणाचा त्या काळातला पुरावा म्हणाल तर शून्य. अशोकाने ९९ भाऊ मारले वगैरे पण श्रीलंकेच्या बौद्ध ग्रंथांतून आलंय, जे काहीशे वर्षांनी लिहिले गेले, आणि गंमत म्हणजे पाचव्या शिलालेखात (अशोकाने हे क्रमांकाने ओळखले जाणारे लेख ठिकठिकाणी खडकांवर कोरून घेतले) तो स्वतःच आपल्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख करतो, म्हणजे सगळे काही गेले नव्हते.

शाहरुखच्या 'अशोका' पिक्चरमधली (२००१) हिरॉईन कौरवकी मात्र पूर्ण बनावट नाही हां. अलाहाबादच्या स्तंभावर 'दुसरी राणी कारुवाकी, तीवराची आई' एवढं कोरलंय, पण तेही तिच्या दानधर्माच्या नोंदीबद्दल. कलिंगची (म्हणजे आजच्या ओडिशाकडची) राजकुमारी, तलवारबाजी, नदीकाठची गाणी हा सगळा वरचा मसाला.

आता कलिंगचं युद्ध. पडद्यावर प्रेतं बघून तो तिथल्या तिथे बदलतो. तेराव्या लेखात एक लाख मेले, दीड लाख पकडून नेले, याचं दुःख झालं हे तो स्वतः सांगतो, पण त्याच लेखात जंगलातल्या लोकांना दमही भरतो की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्याकडे ताकद आहे, नीट वागा. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की हा लेख गिरनारला आहे, पार पाकिस्तानात शाहबाजगढीला आहे, पण खुद्द कलिंगात धौली आणि जौगडला तो गाळलाय, तिथे वेगळेच लेख कोरलेत. ज्यांची माणसं मारली त्यांनाच सॉरी सांगितलं नाही! यावर एक अख्खा एपिसोड होईल, पण कोण करणार.

तसंच पहिल्या लेखात तो सांगतो की आधी राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो जीव मारले जायचे, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, हरीण पण रोज नाही, आणि पुढे हे तीनही बंद होतील. धर्म सांगताना इतका हिशोबी प्रामाणिकपणा कुठला रायटर लिहील हो?

आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला, शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा (धर्मासाठीचे दौरे) सुरू केल्या तो लेख, आता मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आईला दाखवायला नेलं होतं. पाच मिनिटं बघितलं आणि विचारते, 'यात चाणक्य कुठे लिहिलंय?'