खलनायकाचं बालपण लिहायला घेतलंस तर

तुझ्या जादूच्या राज्याच्या गोष्टीत खलनायकाचं बालपण दाखवायची कल्पना भारी आहे बे, सोडू नको. फक्त राज्याचा नकाशा, जादूचे नियम, वंशावळ यात आत्ताच अडकू नको, ते नंतर बघू.

आधी एकच प्रसंग पकड. अश्वत्थामा आठव, दूध म्हणून पिठाचं पाणी दिलं तर पोरगं आनंदानं नाचलं, बाकीची पोरं हसली, आणि त्या पाण्यापायी त्याचा बाप द्रोण द्रुपद राजाच्या दारात मदत मागायला गेला, पुढचं वैर तिथलंच. आपल्याकडं यंत्रमागाच्या खडखडाटात पोराची हाक आईला ऐकू जात नाही ना, तसलं एकटेपण तुझ्या गोष्टीतल्या किल्ल्यात आण.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:
- मार खाल्ला म्हणून वाईट झाला, एवढंच गणित. तसाच मार खाल्लेला भाऊ चांगला का निघाला? वाईट वाट खलनायकानं स्वतः निवडलेली दिसू दे.
- त्याला नुसता बिचारा करणं.

दोन पानं झाली की दाखव.