लिनक्सवर दुसरी हार्ड डिस्क लावली, ती एसडीबी (लिनक्सने क्रमाने दिलेलं नाव) म्हणून माउंटही होतेय, म्हणजे फोल्डरला जोडली जातेय. मग लेबल, म्हणजे तिचं स्वतःचं नाव, देण्याची गरज आहे का?

आहे. आजच द्या. एफस्टॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत, एसडीबी लिहून ठेवणं म्हणजे घराच्या पत्त्याऐवजी ‘रांगेतला दुसरा’ असं लिहिणं. रांग बदलली की संपलं.

आमच्याकडे ती 2015 च्या सिंहस्थात बदलली. नाशिकला पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ काकांचा फोटो स्टुडिओ होता. मशीनवर उबुंटू 14.04 मीच टाकलं होतं. एसडीए सिस्टीमची, एसडीबी फोटोंची. 13 सप्टेंबरचं दुसरं शाहीस्नान झालं आणि फोटोंची डिस्क भरत आली. तिसरं 18 ला. काकांनी 3 टीबीची नवी डिस्क आणली. मी नोकरीला पुण्यात, म्हणून चुलतभावाला व्हॉट्सअॅपवर कमांड पाठवल्या: नवी डिस्क एसडीसी म्हणून येईल, तिच्यावर पार्टेडने जीपीटी, म्हणजे नवा पार्टिशन तक्ता, मग एमकेएफएस, म्हणजे फॉरमॅट. पार्टेडला मायनस एसही लावला, म्हणजे मध्ये प्रश्न विचारणार नाही आणि पोरगा गोंधळणार नाही.

त्याने नवी डिस्क मधल्या रिकाम्या साटा पोर्टात लावली. झालं, नवी एसडीबी झाली आणि फोटोंची एसडीसी. एफस्टॅबमध्ये एसडीबीच लिहिलेली, म्हणून बूट होताना डेटा फोल्डर माउंट होत नाही, वगळायचं तर एस दाबा, असं स्क्रीनवर आलं. रात्रीचे साडेबारा, सकाळी घाटावर जायचं. त्याने एस दाबला आणि माझ्या कमांड जशाच्या तशा एसडीसीवर, म्हणजे फोटोंच्याच डिस्कवर चालवल्या.

फोटोरेक या रिकव्हरी प्रोग्रॅमने बरेच फोटो परत आले, पण फाइलची नावं आणि फोल्डर गेले. चार वर्षांची लग्नं एकमेकांत मिसळली. एका हळदीनंतर एकदम रामकुंड, त्यानंतर कुणाचं तरी बारसं. भाऊ दिवाळीपर्यंत चेहरे बघून बघून फोटो वेगळे करत बसला.

काका आजही चारचौघांत भावाबद्दल म्हणतात, ‘यानं सिंहस्थ घालवला.’ मला हे मान्य नाही. सांगितलेलं अक्षरशः पाळणाऱ्याची ती चूक नव्हतीच. मी डिस्कला नाव दिलं नव्हतं आणि विचारायची सोयही काढून टाकली होती. एफस्टॅबमध्ये लेबलने ओळ असती तर फोटोंची डिस्क कुठल्याही पोर्टावरून आपल्या जागी माउंट झाली असती, आणि माउंट असलेल्या डिस्कवर एमकेएफएस चालतच नाही, तिथेच अडतं. भावाला मी हे सांगितलंय. काकांसमोर बोललो नव्हतो, ते आता इथे लिहितोय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, आधी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये साइझ, मॉडेल आणि सिरीयल नंबर बघा, सिरीयल डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून घ्या. 2 टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटीच, जुना एमबीआर तक्ता त्यापुढे पोहोचत नाही. एक्स्ट4 फॉरमॅट करतानाच मायनस कॅपिटल एलने लेबल द्या. तुमची आधीच फॉरमॅट झालेली असेल तर ई2लेबल कमांडने द्या, डेटाला धक्का लागत नाही. लेबलला 16 बाइटची मर्यादा आहे. देवनागरीत दिलंत तर प्रत्येक अक्षराला, मात्रेलाही, तीन-तीन बाइट जातात, म्हणजे पाचातच संपतं. मग एफस्टॅबमध्ये ‘लेबल इज इक्वल टू’ करून ते नाव, आणि नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) लावा, नाहीतर डिस्क काढलीत त्या दिवशी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.

एक राहिलं. दोन डिस्कना एकच लेबल देऊ नका, कुठली माउंट होईल याचा भरवसा नाही. यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना आपोआप मिळणारा ओळखक्रमांक, वापरलात तरी डीडी कमांडने क्लोन केलेल्या डिस्कवर तोही सारखाच येतो. क्लोन झाला की जुनी डिस्क आधी काढून ठेवा, मगच मशीन चालू करा.