आधी आयआरआय, मग सामी-२

अरे, आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) शिकताना पहिल्याच आठवड्यात सामी-२ या भौतिकीवर चालणाऱ्या मॉडेलच्या समीकरणांत शिरू नकोस. आधी आयआरआय (इंटरनॅशनल रेफरन्स आयनोस्फिअर) चालव. ते निरीक्षणांवर बेतलेलं, महिन्याचं सर्वसाधारण चित्र देणारं मॉडेल. सौरवादळाच्या दिवशी चुकलं तर नवल नाही. वेळ मात्र तपास, युटी (जागतिक वेळ) की स्थानिक? मी एकदा इलेक्ट्रॉनांचं दुपारी दोनचं शिखर सकाळी साडेआठला काढून दिवसभर खूश होतो!

मार्च २०१४ची दुपार घे, तिरुनेलवेली आणि अहमदाबाद. चुंबकीय विषुववृत्त (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा आडव्या असतात) तिरुनेलवेलीजवळून जातं, तरी इलेक्ट्रॉन जास्त अहमदाबादवर. विषुववृत्तावर वर उचललेला प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉनांचा वायू) चुंबकीय रेषांवरून घसरत तिकडे साचतो. आयआरआय हा फुगवटा दाखवतं, कारण सांगत नाही. तिथे अडलास की सामी-२ उघड.