शाळेत बुद्धिबळाचा क्लब काढायचाय, पण पैसे नाहीत आणि कोच पण नाही. कसं जमेल?

तू लिहिलंयस की नववीत आहेस, वर्गातली दहा-बारा जणं खेळायला तयार आहेत, शाळेत एकच पट आहे आणि त्यातला एक उंट हरवलाय, पीटीचे सर नुसतं "बघू" म्हणतात, मुली येतील का ते माहीत नाही आणि सुरू केलं तरी महिन्याभरात बंद पडेल अशी भीती वाटते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो, शाळेचा बुद्धिबळ क्लब बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैसे आणि कोच नसल्यामुळे क्लब बंद पडलेला मी तरी पाहिला नाही. होतं काय, पहिल्या शनिवारी वर्ग भरून पोरं येतात, त्यातली चार चांगली खेळणारी असतात, ती आपापसात खेळत बसतात नाहीतर नवीन पोराला दहा चालीत मात देऊन मोकळी होतात, बाकीची मागे उभी राहून बघतात, तिसऱ्या शनिवारी ती फिरकत नाहीत आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच चार उरतात. मग त्या चौघांनाही कंटाळा येतो कारण एकमेकांचा खेळ पाठ झालेला असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, क्लब नीट चाललाय का हे ओळखायचं असेल तर ज्याला गेल्या आठवड्यात घोड्याची अडीच घरं कळली तो या आठवड्यात परत आला का एवढंच बघायचं. पुढचं सगळं मी त्याच हिशोबाने सांगतोय.

आधी परवानगी. तोंडी विचारलंस तर "बघू"च ऐकायला मिळणार, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या नावाने अर्ज लिही, तयार असलेल्या सगळ्यांच्या सह्या घे आणि त्यात वार, वेळ, खोली, किल्ली कोण आणणार, खोली कोण बंद करणार हे स्पष्ट लिही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, हे सगळ्यात सोयीचं पडतं. आणि एक ओळ नक्की टाक, की शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळ आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलामुलींचे वेगळे गट असतात, तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. खूप शाळांची एंट्री जातच नाही कारण वेळेत कुणी आठवणच करत नाही. पुढे जाणाऱ्या खेळाडूंना दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण असतात, हेही लिही, अर्ज बाजूला पडणार नाही.

सामान. दोघांत एक पट, म्हणजे बारा जणांना सहा पट पुरतात. गुंडाळायचा रेक्झिनसारखा पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या असा सेट काही शेकड्यांत येतो, लाकडी घ्यायची गरज नाही. छोटे चुंबकवाले प्रवासी सेट मात्र घेऊ नकोस, लहान पोरांना त्यात उंट आणि प्यादं वेगळं दिसत नाही. स्पर्धेतल्या पटाचं घर ५ ते ६ सेंटीमीटरचं आणि राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो, तेवढ्याच्या जवळपासचं बघ. माजी विद्यार्थ्यांना "वर्गणी द्या" म्हणण्यापेक्षा "एक सेट द्या, त्याच्या पिशवीवर तुमच्या बॅचचं वर्ष लिहू" म्हटलं की लोक आनंदाने देतात. हरवलेल्या उंटाच्या जागी बाटलीचं झाकण ठेव, खेळ अडत नाही. पण प्रत्येक पिशवीला नंबर दे आणि उठायच्या आधी १६ पांढऱ्या १६ काळ्या मोजूनच पिशवी बांधायची, हा नियम पहिल्या दिवसापासून. घड्याळांचं नंतर बघता येतं, तोपर्यंत एखाद्या सरांच्या मोबाईलवर चेस क्लॉक टाकून भागतं.

आता एक गोष्ट जी तुला पहिल्याच दिवशी भेटणार, ती म्हणजे घरोघरचे वेगवेगळे नियम. एक पोरगा म्हणेल प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, दुसरी म्हणेल प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचाच मोहरा मिळतो, कुणी म्हणेल राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदा घोड्याची उडी मारता येते. यावरून भांडणं होतात, रडारड पण होते. पण यातलं काहीच खोटं नाही, हे आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळाचे नियम आहेत, आजोबांकडून आलेले. पोरांना तसंच सांग, "तुझ्या आजोबांचं बरोबर आहे, तो देशी डाव, क्लबात आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू कारण स्पर्धेत तेच असतात." असं सांगितलं की पोराचा मान राहतो आणि वाद तिथेच संपतो. मग एका मोठ्या कागदावर चारच गोष्टी लिहून भिंतीला लाव: हात लावला की तीच सोंगटी चालायची, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) कधी चालतं, एन पासंट (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं) म्हणजे काय, आणि शह नसताना चालायला चालच उरली नाही तर डाव बरोबरीत.

शिकवायला कोच नाही याची काळजी करू नकोस, पहिल्या टप्प्याचं तुला नक्की जमेल. अगदी नवीन मुलांना पूर्ण डाव मांडून देऊच नकोस. नुसती आठ-आठ प्यादी मांड, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. एका तासात त्यांना प्याद्याची चाल, मारणं, अडवणं सगळं कळतं आणि मुख्य म्हणजे कुणीतरी जिंकलेलं असतं. पुढच्या वेळी राजे ठेव, मग एकेक हत्ती, असं वाढवत जा.

त्यानंतर लगेच चार चालीची मात शिकव, कारण ती कुणीतरी यूट्यूबवर बघून येणारच आणि सगळ्या नवीन पोरांना तिनेच हरवणार. घरांची नावं अशी, पटाच्या उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५, पांढऱ्याचा वजीर तिरका थेट एच५, काळा सी६ ला घोडा काढून आपलं प्यादं राखतो, पांढऱ्याचा उंट सी४. आता काळ्याने घाईत दुसरा घोडा एफ६ ला आणला की वजीर एफ७ चं प्यादं खातो आणि मात, कारण वजिराला मागून उंटाचा जोर असतो, राजाला तो मारता येत नाही. याच जागी काळ्याने जी६ ला प्यादं सरकवलं तर वजिराला मागे फिरावं लागतं, तो एफ३ ला जाऊन परत एफ७ वर डोळा ठेवतो, आणि आता घोडा एफ६ ला आला की धोका संपला. हे दोघांना समोरासमोर बसवून दोन्ही बाजूंनी खेळून दाखव. ज्या पोराने ही मात पहिल्यांदा अडवली त्याचा चेहरा बघ, ते पोर पुढच्या शनिवारी येतंच.

जोड्या लावण्यावर सगळ्यात जास्त लक्ष दे. आम्ही भिंतीवर नावांची शिडी लावतो, आपल्या वरच्या तिघांपैकी कुणालाही आव्हान द्यायचं, जिंकलं तर जागा बदलायची. अर्धा तास शिडी आणि अर्धा तास मोकळा खेळ. मोकळ्या खेळात चांगल्या खेळाडूने नवीन मुलाशी खेळायचं असेल तर स्वतःचा वजीर काढून बसायचं, त्यात त्याचाही कस लागतो. स्पर्धा घेतलीस तर नॉकआउट अजिबात नको, पहिल्या फेरीतच अर्धी मुलं घरी जातात! स्विस पद्धतीने घे, म्हणजे सारख्या गुणांची मुलं एकमेकांशी खेळतात, तेच दोघे पुन्हा समोर येत नाहीत आणि शेवटच्या फेरीपर्यंत सगळे खेळतात. ३२ जणांपर्यंत पाच फेऱ्या पुरतात, मुलं विषम असली तर शेवटच्या एकाला बाय, म्हणजे त्या फेरीत न खेळताच एक गुण. कागदावर जमतं. पहिली स्पर्धा २० जुलैच्या आसपास ठेव, फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, स्थापना पॅरिसला २० जुलै १९२४ ला झाली म्हणून तो जागतिक बुद्धिबळ दिन असतो, आणि शाळेलाही असं निमित्त आवडतं.

मुलींचं. आपल्या राज्याला यात कमी काहीच नाही, १९७४ ची महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने १९ व्या वर्षी जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेतला, त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तरी शाळेत मुली गळतात आणि माझ्या अनुभवात त्याचं कारण आवड नसणं हे नसतं. एसटी चुकते, घरून "उशीर का झाला" विचारतात, किंवा पटाभोवती मुलांचा घोळका होऊन चाली सांगत बसतो. त्यामुळे वेळ बसच्या हिशोबाने ठरव, बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही हा नियम कडक ठेव, आणि सुरुवातीला मैत्रिणींना दोघी-दोघींनी यायला सांग. तू स्वतः चालवणार आहेस याचाच मोठा फरक पडेल.

मोबाईलवर सरावाला लिचेस हे ॲप चांगलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोडी भरपूर. पण क्लबच्या तासात फोन दप्तरात. रेटिंगच्या, म्हणजे स्पर्धेतल्या खेळावरून मिळणाऱ्या गुणांकाच्या, मागे आत्ता लागू नका, २०२४ पासून फिडे रेटिंग १४०० पासूनच सुरू होतं, त्याला अजून वेळ आहे. जवळपास जुनं मंडळ असेल तर मात्र जरूर जाऊन भेट. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि आयुष्यभर पोरांना खेळवलं, अशा ठिकाणची ज्येष्ठ मंडळी शाळेत एखाद्या शनिवारी यायला हसत तयार होतात, फक्त कुणी बोलवत नाही.

आणि पुढच्या वर्षी तू दहावीत जाशील तेव्हा क्लबचं काय, हे आत्ताच ठरव. सातवी-आठवीतले दोघं निवड, त्यातली एक मुलगी. सगळ्यात चांगलं खेळणारे निवडायची गरज नाही, नवीन आलेल्याशेजारी आपणहून जाऊन बसणारे निवड. हजेरीची वही आणि पिशव्या मोजायचं काम त्यांना दिवाळीनंतरच दे, शिडी लावायचं जानेवारीत, आणि किल्ली शेवटी, वार्षिक परीक्षेच्या आधी, मुख्याध्यापकांना सांगून.