सर सगळ्यांचे, बाबा आमचे : लेख लिहायचा तरी कसा?

प्रश्न : ताई नमस्कार. माझे बाबा गेल्या वर्षी गेले. परळच्या एका मराठी शाळेत ते १९७४ ला गणिताचे शिक्षक म्हणून लागले आणि २००८ ला मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. आता वर्षश्राद्धाला त्यांचे जुने विद्यार्थी स्मरणिका काढतायत आणि पहिला लेख मी लिहायचाय. भाऊ म्हणतो पुरस्कार, सत्कार सगळं क्रमाने टाक. आत्याने फोन करून बजावलंय की ‘कुटुंबवत्सल’ आणि ‘विद्यार्थिप्रिय’ आलंच पाहिजे. पण मला आठवतं ते हे की माझ्या दहावीच्या वर्षी बाबा घरी नसायचेच, दुसऱ्यांच्या पोरांचे जादा तास घेत असायचे. म्हणजे ते वाईट बाबा होते असं अजिबात नाही हो, रविवारी राणीच्या बागेत न्यायचे, आईचं आजारपण त्यांनीच काढलं. पण हे दहावीचं लिहिलं तर घरात भांडण नक्की. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : लिहा. स्मरणिकेत बाकीचे सगळे लिहिणारच आहेत की सरांकडे आमच्यासाठी कायम वेळ असायचा. तो वेळ कुणाच्या वाटणीचा होता हे फक्त तुम्हाला, भावाला आणि आईला माहितीये. दोन ओळी पुरेत, तक्रारीचा सूर नको आणि लगेच ‘पण आता मला कळतं’ वगैरे सारवासारवही नको. नुसतं काय व्हायचं ते सांगा, म्हणजे किती वाजता यायचे, आल्यावर तुमची वही बघायचे की नाही, तुम्ही गणित कुणाकडून समजून घेतलं.

पण लिहायला बसायच्या आधी घरातली कागदपत्रं काढा. बऱ्याच शिक्षकांनी सेवापुस्तकाची, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाची, दुय्यम प्रत घरी जपून ठेवलेली असते, ट्रंकेत नाहीतर एलआयसीच्या फायलीखाली सापडेल. सगळे रुजू झाल्याची तारीख आणि वेतनश्रेणी बघतात, तुम्ही रजेचं पान बघा. माणूस घरासाठी कधी थांबला ते तिथे असतं, आईच्या ऑपरेशनला घेतलेली अर्धपगारी रजा, आजी गेली तेव्हाचे दिवस. आत्याला हवा तो ‘कुटुंबवत्सल’ शब्द त्या पानावरनं आपोआप सिद्ध होईल, वेगळा लिहायची गरजच पडणार नाही.

आणि शाळेत जाऊन विनंती करा की जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या नोंदींची वही, बघायला मिळेल का. त्यात शाळा सोडल्याचं कारण असा एक रकाना असतो. मुलांची नावं तुम्हाला छापायची नाहीयेत, फक्त १९८२-८३ ला शाळा सोडलेल्यांच्या नोंदी चाळा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले आणि परळ-लालबागची किती कुटुंबं कोकणात, घाटावर गावी गेली, पोरांचे दाखले काढून. जी पोरं राहिली त्यातली कितीतरी कामाला लागली. बाबा तेव्हा ऐन उमेदीतले शिक्षक, त्यांच्यासमोरची बाकं रिकामी होत होती. पुढे तुमच्या दहावीच्या वर्षी ते जादा तास का घेत होते याचं उत्तर त्या पानांत असेलही, नसेलही, पण बघितल्याशिवाय लेख लिहू नका असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्या नोकरीची सुरुवातही काही साधी नव्हती. १९७५ ला जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन बॅच एकाच वर्षी बाहेर पडल्या, म्हणजे नवीन लागलेल्या माणसाच्या गळ्यात पहिल्याच वर्षी नवीन गणित. मग १९७७-७८ चा सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप, त्यात शिक्षकही होते. बाबा होते का, आणि असतील तर तेव्हा घर कसं चाललं हे आईला विचारा. खरं तर सगळ्यात आधी आईकडेच बसा. मार्च-एप्रिलमध्ये बोर्डाचे पेपर तपासायला घरी यायचे तेव्हा चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गठ्ठे कुठे ठेवायचे, पोरांना गप्प कोण बसवायचं, पाहुण्यांना दारातनंच कोण वाटेला लावायचं? जनगणनेची घरं, निवडणुकीची ड्युटी, या सगळ्यात दुसऱ्या बाजूला एक बाई होती. शिक्षकांवरच्या लेखात ‘पत्नीची मोलाची साथ’ असं अर्ध्या वाक्यात उरकतात ना, त्याचा मला भयंकर राग आहे, तुम्ही तिला अख्खा परिच्छेद द्या.

२६ जुलै २००५ विसरू नका. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस, मुंबईत कितीतरी शिक्षक रात्रभर शाळेतच मुलांना घेऊन बसले होते. बाबा तेव्हा कुठे होते आणि तुम्ही सगळे कुठे अडकला होतात?

भावाला हव्या असलेल्या बाबांच्या पुरस्कारांना शेवटी एक चौकट द्या, वर्ष आणि नाव, बस. आत्याला सांगा की १९७४ च्या आधीचा तुझा भाऊ कसा होता ते तूच लिहून दे. आपल्या नावाने मजकूर छापला जाणार म्हटल्यावर फोन कमी होतात, हा माझा अनुभव आहे. आणि कच्चा लेख छापायला जायच्या आधी दोघांना वाचायला द्या पण खोडायला देऊ नका.

प्रश्न : आमचे हे मुख्याध्यापक होते, मे महिन्यात रिटायर झाले. आता सकाळी साडेसहाला नातवाला उठवून शुद्धलेखन! सून काही बोलत नाही पण तोंड दिसतं. नातू सहा वर्षांचा आहे.
– एक आजी, बोरिवली

उत्तर : आजी, ५८ व्या वर्षी घंटा एकदम बंद झाली की असं होतं, त्यांना वर्ग पाहिजे आणि घरात विद्यार्थी एकच आहे. मुंबईत रात्रशाळा आहेत, दिवसा काम करून दहावीला बसणारी मुलं तिथे येतात आणि गणित-इंग्रजीला हात देणारा माणूस त्यांना हवाच असतो. जवळच्या रात्रशाळेत त्यांनाच चौकशीला पाठवा, तुम्ही करून देऊ नका. नातवाचं म्हणाल तर शुद्धलेखन संध्याकाळी दहा मिनिटं, आणि तेही त्याने आजोबांचं तपासायचं, लाल पेनाने. आणि सुनेशी तुम्ही आजच बोला, ती बोलेल म्हणून थांबू नका.