उत्तर: उदासिनीकरणाची उष्णता कमी का भरते?

५० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तितकेच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळल्यावर तापमान ५.७ अंशांनी वाढले आणि गणिताने उदासिनीकरणाची, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करताना निघणारी, उष्णता मोलला ४७.६ किलोजूल एवढीच आली, पुस्तकात मात्र ती सुमारे ५७ दिली आहे, मग रसायने जुनी असावीत का, असे आपण विचारले आहे. माझा पहिला संशय रसायनांवर नसून आपल्या काचेच्या चंचुपात्रावर आहे.

आपण १०० ग्रॅम द्रावणाला पाण्याच्या विशिष्ट उष्णतेने (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारे ४.१८ जूल) गुणून, म्हणजे दर अंशाला ४१८ जूल धरून हिशेब केला. परंतु द्रावणाबरोबर काचही तापते. काचेची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे सुमारे ०.८४ जूल असल्याने १०० ग्रॅमचे पात्र सगळे तापले, तर दर अंशाला ८४ जूल गिळते, आणि ही उष्णता आपल्या हिशेबात कुठेच नाही.

पात्राचा हा वाटा अंदाजाने धरू नये, मोजावा. त्याच पात्रात २७ अंशांचे ५० ग्रॅम पाणी घेऊन त्यात ४७ अंशांचे ५० ग्रॅम पाणी ओतावे. पात्राने काहीच घेतले नसते, तर मिश्रण ३७ अंशांवर आले असते. समजा, ते ३५.४ वर थांबले. गरम पाण्याने सुमारे २४२४ जूल गमावले, थंड पाण्याला १७५६ मिळाले. उरलेले ६६८ जूल पात्राने ८.४ अंश चढताना घेतले, म्हणजे अंशाला सुमारे ८० जूल. आता ४१८ मध्ये हे ८० मिळवून ५.७ ने गुणून ०.०५ मोलने भागल्यास मोलला ५६.८ किलोजूल येतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात उष्णता मोजली ती वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून. उपकरण शून्य अंशावरच राहत असल्यामुळे ते स्वतः किती उष्णता गिळते हा प्रश्नच त्यांना पडला नाही, ही युक्ती मला आजही फार आवडते.

दुसरी गळती हवेत जाणाऱ्या उष्णतेची. त्यासाठी केवळ सर्वोच्च तापमान टिपून थांबू नये. मिसळण्यापूर्वी काही मिनिटे आणि नंतर पाच-सात मिनिटे, दर अर्ध्या मिनिटाला, ढवळत वाचन घ्यावे, आलेख काढावा आणि उतरणारी रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवून तेथील तापमान धरावे. झाकण असलेला थर्माकोलचा पेला वापरल्यास दोन्ही दुरुस्त्या पुष्कळ लहान होतात, कारण तो हलका असतो आणि उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही.

तापमापी ०.१ अंशाचा असावा. सहा अंशांच्या वाढीत अर्ध्या अंशाची चूक आठ टक्क्यांच्या घरात जाते. दोन्ही द्रावणे आधी एकाच तापमानाला आणावीत. एवढे करूनही आकडा कमी भरला, तरच रसायनांकडे वळावे: सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून त्याची खरी तीव्रता अनुमापनाने, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे आम्ल मोजून मिसळून, तपासून घ्यावी.